आबांच्या सहीचा भाऊ

स्तुती ठेवायची आणि काम कापायचं, एवढी एकच सूचना पारसने दिली होती. रतिलालनाना सव्वा महिना जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत बसून तेच करत होते. समोर तीन लोखंडी पेट्या, डाव्या हाताला चहाचा कप आणि उजव्या हातात लाल पेन्सिल. पेट्यांत प्रेमराज आबांना चाळीस वर्षांत आलेली पत्रं होती. आबा म्हणजे सहा वेळा आमदार, दोनदा मंत्री, आणि एके काळी जळगाव-धुळे दोन्ही जिल्ह्यांचे पालकमंत्री. डिसेंबरात त्यांचा सहस्रचंद्रदर्शन सोहळा व्हायचा होता आणि त्यात ‘पत्रांतले आबा’ नावाचा ग्रंथ निघायचा होता.

आपल्याकडच्या माणसाला पुढाऱ्याला पत्र लिहायला बसवलं की तो आधी आरती म्हणतो आणि मग प्रसादाला हात पुढे करतो. ‘गोरगरिबांचे कैवारी, दोन्ही जिल्ह्यांचे भाग्यविधाते, परमपूज्य आबासाहेब यांचे चरणी’ अशी दीड पानाची सुरुवात. मग ‘वि. वि.’ आणि तिथून पुढे खरं पत्र: मेहुण्याची बदली, जळालेली डीपी, अडलेली पेन्शन, फुटलेला पाट. नानांची लाल पेन्सिल बरोबर ‘वि. वि.’च्या अलीकडे थांबायची. एका गृहस्थाने एकाच डीपीबद्दल सलग नऊ वर्षं लिहिलं होतं. ग्रंथात त्याची नऊ वर्षांची स्तुती एकाखाली एक छापायचं ठरलं, आणि डीपीचं काय झालं हे आता त्या गृहस्थालाच विचारावं लागलं असतं.

हे काम नानांकडे आलं, कारण दुसऱ्या कुणाला ते जमलंच नसतं. एकतीस वर्षं ते आबांचे खासगी कारकून होते. पत्रं फोडायची, वाचायची, उत्तरं लिहायची आणि खाली आबांची सही करायची, हे सगळं तेच करत. सही इतकी हुबेहूब करायचे की एकदा बँकेने खुद्द आबांनी सही केलेला कागद परत पाठवला आणि नानांनी केलेला बिनतक्रार घेतला. आबा त्यावर आठवडाभर हसत होते. ‘रतिलाल, तूच उभा रहा रे पुढच्या वेळी,’ म्हणायचे. तसा आबा माणूस मोकळा, हे मान्य करायलाच हवं. पण आलेलं एकही पत्र त्यांनी कधी दोन ओळींपुढे वाचलं नाही, हेही तितकंच खरं.

एका दुपारी पारस आला. छापखानेवाल्या भिकमचंदशेठचा हा नातू. ग्रंथ त्याच्याकडे होता आणि सोहळ्याची सगळी आखणीही. पेटीतून त्याने एक गठ्ठा उचलला, चार-पाच पत्रं वाचली आणि तसाच उभा राहिला.

“नाना, हे काय आहे? ह्यात कापायला काहीच नाही!”

नानांनी न बघताच ओळखलं.

“साक्रीकडची बाई आहे एक,” ते म्हणाले. “राखी पाठवते.”

“अठ्ठावीस वर्षं! एकही काम नाही! नाना, अहो हे तर सोनं आहे. हिला स्टेजवर आणू या. आबांना राखी बांधेल.” मग त्याने आणखी एक पत्र उलगडलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. “मयुरीला खण पाठवला आहे, असं लिहिलंय. ही मयुरी कोण? आबांना तर एकटा तेजसभाऊच.”

“असेल कुणी मानलेली,” नाना म्हणाले आणि थंड झालेला चहा पिऊन टाकला.

मयुरी नानांची मुलगी होती.

ते सगळं असं झालं होतं. सत्त्याण्णव साली आबा साक्री तालुक्यातल्या उंबरपाड्याला पाझर तलावाच्या भूमिपूजनाला गेले होते. बायकांनी ओवाळलं. त्यातल्या एकीला, बेबाबाईला, आबा म्हणाले, “आजपासून तू माझी बहीण.” आबा प्रत्येक गावात हे म्हणत. नानांच्या हिशेबाने दोन्ही जिल्ह्यांत मिळून आबांना अकराशे तरी बहिणी होत्या. त्यातल्या दोनेकशे श्रावणात राख्या पाठवत आणि राखीबरोबर भाच्याचा नोकरीचा अर्ज. त्यांना नाना छापील कार्ड टाकत. बेबाबाईच्या पाकिटात मात्र राखी, चार अक्षता आणि गावच्या मास्तरांकडून लिहून घेतलेल्या दोनच ओळी होत्या: ‘दादा, पाऊस बरा आहे. तुम्ही जेवणाच्या वेळा सांभाळत जा.’

नानांनी ते पत्र दोनदा वाचलं. हजारो माणसांची गाऱ्हाणी वाचून विटलेल्या त्या माणसाला, जेवलास का, असं विचारणारं ते पहिलंच पत्र होतं. विचारलं आबांना होतं, पण वाचलं नानांनी. छापील कार्ड बाजूला सारून त्यांनी आपल्या हाताने उत्तर लिहिलं. शेवटी, रीत म्हणून, ‘ओवाळणी माझ्याकडे राहिली, मागशील तेव्हा देईन’ असं लिहिलं आणि आबांची सही केली. पुढच्या श्रावणात पुन्हा तसंच. मग दरवर्षी.

आणि मग त्यांचा हात घसरत गेला. आबांच्या नावाने लिहायचं तरी काय? आबांच्या घरातलं नानांना काय ठाऊक? एका साली ‘गुडघा फार दुखतो’ असं लिहून गेले. आबांचे गुडघे ठणठणीत होते. महिन्याभराने निरगुडीच्या पाल्याचं पुडकं आलं, उकळून शेकायचं कसं ते लिहिलेलं. नानांनी शेकलं आणि खरंच उतार पडला. पुढे मयुरीचं लग्न ठरलं तेव्हा आनंदाच्या भरात तेही लिहिलं. खण आणि हिरव्या बांगड्या आल्या. बायकोने विचारलं, कुणाकडून? नाना म्हणाले, बहिणीकडून. त्यांना बहीण नव्हती. दोन वर्षांपूर्वी बायको गेली तेव्हा मात्र पेन उचललं नाही, कारण आबांच्या पत्नी धडधाकट होत्या आणि बेबाबाईने कुठे पेपरात त्यांचा फोटो पाहिला असता तर? ते दुःख एवढं एकच त्यांनी तिच्यापासून लपवलं, आणि ते त्यांना फार जड गेलं.

आबा राजकारणातून उठले, नाना घरी बसले, तरी श्रावणातलं पाकीट बंगल्यावर येत राहिलं. वॉचमन ते पिंप्राळ्याला आणून देई. नानांकडे जुन्या लेटरहेडचा एक गठ्ठा होता, तो पुरत होता. आपण काही खोटं करतो असं त्यांना कधी वाटलं नाही. ते कचेरीचं काम होतं, फक्त कचेरी संपल्यावरही चालू राहिलेलं.

सोहळ्याच्या दिवशी बेबाबाईला आणायला पारसने एसी गाडी पाठवली. सहासष्ट वर्षांची, काटक, नवं लुगडं नेसलेली बाई आणि बरोबर तिची नात भूमिका. एकोणीस वर्षांची, साक्रीच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. गेली काही वर्षं आजीची पत्रं तीच लिहीत होती. मैदानाच्या दाराशी नानांनीच दोघींना उतरवून घेतलं.

“मी रतिलाल. आबांचा कारकून,” ते म्हणाले.

“दादा बरा शेत ना, भाऊ?” बेबाबाईने विचारलं. नानांनी मान हलवली आणि पायांकडे बघत राहिले. नेमका तोच गुडघा त्या दिवशी ठणकत होता.

दादा बरे नव्हते. दोन वर्षांपासून आबांची स्मरणशक्ती गेली होती. सकाळी जेवलो की नाही हे संध्याकाळी कळत नसे, तेजसभाऊला ते कधी कधी ‘साहेब’ म्हणत. घरच्यांनी ही गोष्ट झाकून ठेवली होती आणि ती झाकणं फारसं अवघड गेलं नाही, कारण आबांची एक सवय शाबूत होती. कुणीही समोर येऊन काहीही मागितलं की ते हात वर करून म्हणत, “होऊन जाईल.” सगळं गेलं तरी तेवढं तोंडात राहिलं होतं.

नाना चौथ्या रांगेत बसले होते. बेबाबाई स्टेजवर गेली. तिने आबांना कुंकू लावलं, ओवाळलं, राखी बांधली. कॅमेरे पुढे सरसावले. पारसने माइक तिच्या तोंडाशी धरला.

“दादा, मयुरी कशी शे?” तिने विचारलं.

“चांगली आहे, चांगली आहे,” आबा म्हणाले.

नानांनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. बेबाबाई मात्र सुखावली. मग तिने पदर नीट केला आणि समोरच्या पाच हजार लोकांकडे न बघता, फक्त आबांकडे बघत म्हणाली, “दादा, अठ्ठावीस वरीस मी काहीच मांगेल नही. आज मांगस. आमना गावले मुक्कामी गाडी चालू करी द्या. मनी नात कॉलेजले जास. इतलंच.”

उंबरपाड्याला एसटीची मुक्कामी गाडी होती. रात्री यायची, गावात थांबायची आणि सकाळी साडेसहाला साक्रीला निघायची. दोन वर्षांपूर्वी नाल्यावरची फरशी, म्हणजे बुटका पूल, वाहून गेली आणि गाडी बंद झाली. फरशी पुन्हा बांधली गेली, गाडी मात्र आली नाही. भूमिका रोज सात किलोमीटर फाट्यापर्यंत पायी जात होती आणि तेवढीच परत येत होती. हे तिने दोन श्रावणांतल्या पत्रांत लिहिलं नव्हतं, कारण आजीने लिहू दिलं नव्हतं.

“होऊन जाईल!” आबा हात वर करून म्हणाले. टाळ्यांनी मंडप दणाणला. आबांच्या अंगात जुनं आलं. डावीकडे मान वळवून ते म्हणाले, “रतिलाल, लिहून घे रे.” एकतीस वर्षं नाना जिथे उभे राहत तिथे आता तेजसभाऊंचा अंगरक्षक होता. तो नुसता हसला. चौथ्या रांगेत नानांचा हात आपसूक खिशातल्या पेनाकडे गेला.

परत जाताना एसी गाडी पाहुण्यांत अडकली, म्हणून आजी-नातीला धुळ्याच्या बसमध्ये बसवून दिलं. खिडकीतून बेबाबाई नानांना सांगत होती, निंबाला म्हणजे तिच्या मुलाला, भूमिकेचं लग्न उरकायचं होतं. स्थळ धरणगावचं, माणसं चांगली. पोरीने एवढं अंतर एकटीने चालणं त्याला पटत नव्हतं, तसा तो वाईट नव्हता. आता गाडी सुरू झाली की तो पदवी होईपर्यंत थांबणार होता, आईला त्याने तसा शब्दच दिला होता. बस हलली तेव्हा भूमिकेने नानांना हात केला आणि तिचा चेहरा इतका उजळलेला होता की नानांना तिथे उभं राहवेना.

दुसऱ्या दिवसापासून नाना कामाला लागले. आधी, आता आमदार असलेल्या तेजसभाऊंच्या कार्यालयात गेले. तिथला मुलगा अदबीने बोलला, पाणी दिलं, मोबाइलवर काहीतरी पाहिलं आणि म्हणाला, “नाना, साक्री आपल्या मतदारसंघात नाही.”

“पण आबांनी स्टेजवर शब्द दिलाय. पाच हजार माणसांसमोर.”

“त्याचा व्हिडिओ फार छान आलाय, नाना. दीड लाख लोकांनी पाहिला.”

तेजसभाऊ भेटले ते पायऱ्या उतरताना. नानांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “नाना, तुम्हाला तर माहीत आहे बाबांचं. आता त्यांनी म्हटलेलं सगळं करायला बसलो तर कसं व्हायचं?” ते खोटं बोलत नव्हते, त्यामुळे नानांना त्यांच्यावर धड रागावताही आलं नाही.

मग नाना बसने साक्रीच्या डेपोवर गेले. तिथले साहेब तरुण होते, समजूतदार होते. गाड्या कमी, चालक कमी, त्या मार्गावर प्रवासी जेमतेम दहा-बारा, हे त्यांनी वही उघडून दाखवलं. लोकप्रतिनिधीचं पत्र असेल तर वरती पाठवतो, म्हणाले. लोकप्रतिनिधीचं पत्र! नानांना हसू आलं. जन्मभर दुसरं केलं काय होतं? घरी येऊन त्यांनी लेटरहेड काढलं, मजकूर लिहिला, असा नेमका आणि वजनदार की पूर्वी अशा पत्रावर चार दिवसांत गाडी धावली असती. खाली आबांची सही केली. सही नेहमीसारखीच आली.

डेपोच्या साहेबांनी पत्र वाचलं, कौतुकाने सहीकडे पाहिलं.

“आबांचं पत्र! माझे वडील फार सांगायचे त्यांच्याबद्दल,” ते म्हणाले. “पण नाना, आबा आता कशावरच नाहीत ना. मी फाइलला लावून ठेवतो.”

नानांना पहिल्यांदाच कळलं की एकतीस वर्षं जे काम व्हायचं ते त्यांच्या अक्षराने नाही, मजकुराने नाही आणि सहीनेही होत नव्हतं. ते खुर्चीने व्हायचं. तशी ही गोष्ट शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. नानांना ती एकाहत्तराव्या वर्षी, डेपोच्या बाकावर बसून कळली, आणि कळून उपयोग काहीच नव्हता.

नवव्या दिवशी फोन आला. आधी भूमिका बोलली, मग तिने फोन आजीला दिला. “भाऊ, दादासले सांगा, निंबानी पाव्हनासले थांबाडेल शे. पन तो आते चिडचिड करस. गाडी कोनता दिन येई, तेवढं इचारा.”

“विचारतो, अक्का,” नाना म्हणाले आणि फोन ठेवल्यावर स्वतःचीच त्यांना किळस आली. विचारायचं कुणाला? बाई तिकडे आठ-आठ दिवस रस्त्याकडे डोळे लावून बसणार, मुलाशी भांडणार, पाहुण्यांपुढे शब्दाची लाज जाणार, आणि हे सगळं एका माणसाच्या भरवशावर, ज्याला ती कोण हेही माहीत नाही. ज्याला माहीत होतं तो पिंप्राळ्यात बसून ‘विचारतो’ म्हणत होता. निदान खरं तरी सांगावं, असं त्यांनी ठरवलं. फोनवर नाही, समोर जाऊन.

पहाटेची बस धरून धुळं, धुळ्याहून साक्री, साक्रीहून जीपने फाटा. पुढे सात किलोमीटर. हे अंतर त्यांनी अर्जात, पत्रात, तोंडी असं वीस वेळा सांगितलं होतं, चालले पहिल्यांदाच. दोन्ही बाजूंना कोरडवाहू रानं, मध्ये सागाची झाडी, माणूस दिसेल तर शपथ. नवी फरशी पक्की होती, तिच्यावरून दोन गाड्या शेजारून गेल्या असत्या. गुडघा धरत, बसत-उठत ते पोचले तेव्हा दुपारचे दीड वाजले होते.

बेबाबाईचं अंगण सारवलेलं होतं. सतरंज्या अंथरल्या होत्या. आतून फोडणीचा वास येत होता. नानांना ते काही नीट समजलं नाही. ते आपल्याच विचारात होते. बेबाबाई त्यांना पाहून धावतच बाहेर आली.

“गाडी चालू व्हयनी का, भाऊ?”

“अक्का, आधी माझं ऐकून घ्या,” नाना म्हणाले. ओट्याच्या कडेला, माठाजवळ, ते खाली बसले आणि सांगून टाकलं. आबांनी एकही पत्र वाचलं नाही. आबांनी एकही उत्तर लिहिलं नाही. सही पण त्यांची नाही. आबांना आता कुणाचीच आठवण नाही, ते सगळ्यांनाच ‘होऊन जाईल’ म्हणतात. सगळं मी लिहायचो. निरगुडीचा पाला माझ्या गुडघ्याला लावला. मयुरी माझी मुलगी, तुमचा खण तिने वर्षभर जपून ठेवला आणि मग चोळी शिवली. माझी बायको गेली तेवढं मात्र तुम्हाला कळवलं नाही.

बोलताना त्यांनी वर पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. ती रागावेल, रडेल, चालता हो म्हणेल, आणि तसं झालं तर बरंच, असं त्यांना वाटत होतं. ती नुसती त्यांच्या गुडघ्याकडे बघत होती. मग तिने विचारलं, “वहिनी कधी गयी?”

“दोन वर्षं झाली.”

“आनि गाडी?”

“माझं कुणी ऐकत नाही, अक्का.”

“पन इतला वरीस तुमीच ते लिहेत ना बठ्ठं? मंग आते बी लिहा ना.”

“हो, सगळं मीच. आताही लिहिलं. फाइलला लावून ठेवलंय.”

बेबाबाईने पदराने तोंड पुसलं. तिच्यामागे दारात भूमिका उभी होती. ती कधी आली होती, किती ऐकलं होतं, कुणास ठाऊक. तिने पाण्याचा तांब्या नानांच्या पुढे ठेवला आणि आत गेली.

“आज पाव्हना येतस,” बेबाबाई म्हणाली. “निंबानी मना आयकं नही. सुपारी फोडाले येतस.”

नाना तटकन उठले. “मग मी निघतो. चुकीच्या वेळी आलो.”

“भाऊ दारवर येल शे, त्याले उपाशी कसा धाडू?” ती म्हणाली आणि आत वळून हाक मारली, “निंबा, मामा उना रे! जळगावना मामा!”

तिचे दोन्ही सख्खे भाऊ कधीच वारले होते आणि भूमिकेच्या आईला भाऊच नव्हता. मामाची जागा रिकामी होती, आणि पोरीच्या सुपारीला त्या जागेवर कुणीतरी लागतंच. निंबा बाहेर आला, चाळिशीचा, उन्हाने रापलेला. त्याने ओळखपाळख काही विचारली नाही. वाकून नमस्कार केला, नानांचे पाय धुवायला पाणी घातलं आणि सतरंजीवर मधोमध लोड ठेवून म्हणाला, “मामा, बठा आठे.” नानांना नाही म्हणता आलं नाही. बेबाबाईने त्यांना कुंकू लावलं. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा तिने त्यांना ओवाळलं आणि ते ताटाकडे बघत राहिले. ताटात काही घालायचंही त्यांना भान राहिलं नाही.

पाहुणे आले. खरंच चांगली माणसं. मुलगा कापसाच्या जिनिंगमध्ये सुपरवायझर, शांत, खाली बघून बोलणारा. त्याचे वडील नवलभाई हे साठीचे, गोड जिभेचे गृहस्थ. चहापाणी झालं, देण्याघेण्याचं काहीच नको म्हणाले, तारीख सुचवली. मग नवलभाई नानांकडे वळले. सुपारीआधी मामाला विचारायची रीत त्यांच्याकडेही होती.

“मामा, सगळ्यांचं झालं. आता तुम्ही म्हणाल तसं.”

जन्मात पहिल्यांदा नानांचा शब्द कुणीतरी खरोखर मागत होतं. आबांचा नाही, त्यांचा. दाराआड भूमिका चहाच्या रिकाम्या कपांचा ट्रे घेऊन थांबली होती. नाना घसा खाकरून म्हणाले, “पोरगी हुशार आहे. दीड वर्षाचा प्रश्न आहे. पदवी होऊ द्या, मग करू.”

निंबाने मान खाली घातली. नवलभाईंनी मात्र वाईट वाटून घेतलं नाही.

“आमची कुठे ना आहे, मामा? शिकलेली सून कुणाला नको?” ते मनापासून म्हणाले. “पण आम्ही आत्ता त्याच रस्त्याने आलो. एकही माणूस भेटला नाही हो. ह्या रस्त्याने तुम्ही तुमच्या लेकीला दीड वर्ष रोज पाठवली असती का? काही सोय होणार असेल तर तुम्ही सांगा. तुम्ही जळगावचे, मोठ्या माणसांत वावरलेले. तुम्ही आज म्हणालात, गाडी येते, तर आम्ही आत्ता चहा पिऊन परत जातो.”

सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. निंबानेही मान वर केली, आणि त्याच्या डोळ्यांत चक्क आशा होती. आतला ट्रे किंचित वाजला. नानांनी मुलाकडे पाहिलं, नवलभाईंकडे पाहिलं, बेबाबाईकडे पाहण्याचा धीर झाला नाही. एकतीस वर्षं लाखभर लोकांना त्यांनी बिनदिक्कत आश्वासनं लिहिली होती. आता एक वाक्य पुरलं असतं, आणि ते खोटं निघायला महिनाही लागला नसता.

“तुम्ही म्हणता ते बरोबर आहे,” ते म्हणाले. “करा.”

सुपारी फुटली. बायकांनी हळद-कुंकवाची बोटं पुढे केली, गूळ वाटला गेला. भूमिका साडी नेसून बाहेर आली आणि मानाप्रमाणे सगळ्यांत आधी मामांच्या पाया पडायला वाकली. नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. शिकून मोठी हो, म्हणता येत नव्हतं. सुखी रहा, हेही ओठांवर येईना. ती वाकलेलीच होती, आणि ते हात तसाच ठेवून बसून राहिले. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले.

शेवटी बेबाबाई जवळ आली, त्यांच्या खांद्याला हात लावून हळूच म्हणाली, “दादा, हात काढा आते. पोरले बठ्ठासना पाया पडनं शे.”